दार अडवून बसणारी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं, मी आणि आमची बुढी, अंगणात उन्हाला पाठ देऊन पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो. थंडी चांगलीच होती. माझ्या हातून किडका दाणा टोपल्यात गेला की ती तो उचलायची आणि माझ्या मांडीवर टाकायची. बोलायची नाही. सगळ्या संसारात तिनं माझ्या चुका अशाच दाखवल्या, मांडीवर आणून टाकल्या.

तिचे हात शेंगांत होते, पण जीव समोरच्या घरात. अर्धी सोललेली शेंग टाकून ती उठायची, गल्लीत जाऊन उभी राहायची, परत येऊन बसायची. पुन्हा उठायची.

"अवो, बस ना एका जागी," मी म्हटलं.

"दार लावलं का पाहून राहिली."

"लावलं तर लावलं. त्याइचं घर हाये."

"घर त्याइचं हाये. आत लेकरू हाये ते कोनाचंबी असो, श्वास तर घेऊन राहिलं ना."

समोरच्या घरात पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बाळंतिणीला आणि लेकराला वारं लागू नये म्हणून आमच्याकडे किती जपतात, ते तुम्ही पाहिलं असेल. खोली बंद, खिडकी बंद, बाजेखाली कोळशाची शेगडी, वरून ओव्याची धुरी. रीत जुनी. पण घर नवीन. घरकुलाची सिमेंटची खोली, वर स्लॅब, सरकत्या काचेची खिडकी. त्या खोलीत शेगडी पेटवून दार लावलं तर काय होईल, याची आमच्या बुढीला भीती होती. "झोपेतच जातीन दोघी," असं ती म्हणायची. शेवटचे दिवस तिच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

तिला लोकांच्या घरांचं एवढं का पडलं होतं, ते आमच्या धंद्यावरून कळेल. आम्ही कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचो. पावसाळ्याआधी सानगडीच्या आजूबाजूच्या गावांत जाऊन लोकांच्या घरांवरचे कवेलू उतरवायचे, फुटके काढायचे, वासे पाहायचे आणि घर पुन्हा छावून द्यायचं. मी वर, ती खाली. खालून ती एकेक कवेलू फेकायची आणि मी झेलायचो. नेम असा की मला मान वळवावी लागायची नाही. भांडण झालेल्या दिवशी कवेलू जरा जोरात यायचा, एवढंच.

काम सुरू करायच्या आधी ती घरात जायची. कोणाला विचारायची नाही. चुलीजवळ उभी राहून पदराचं टोक दोन बोटांत धरायची, लोंबू द्यायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. पदर हलला तर ठीक. नाही हलला की बाहेर येऊन मला ओरडून सांगायची, "चुलीवरचे दोन कवेलू उचलून ठेवजो. या घराले नाक नाही."

घरमालक कुरकुरायचा. "पानी येईन ना बाई आत."

"येऊ दे. पानी पुसता येते. धूर पुसता येते का?"

तिचं म्हणणं असं की घराला दार म्हणजे तोंड आणि खिडक्या म्हणजे डोळे. तोंड रात्री मिटतं, डोळे रात्री मिटतात. नाक मिटलं तर सकाळ होत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटायचं नाही. मी आपला दोन कवेलू उचलून ठेवायचो, कारण नाही ठेवले तर ती स्वतः शिडी चढून यायची.

ती बरोबरच असायची असं मात्र समजू नका. माझा गुडघा धरला तर ती खिडकी उघडायची. म्हैस आटली तर गोठ्याच्या कुडाला भोक पाडायची. आमच्या स्वयंपाकघरावर तिनं एवढी मोठी फट ठेवली होती की एकदा वानरानं हात घालून टोपल्यातली वांगी नेली. मी बोललो तर म्हणाली, "त्यालेबी पोट हाये." फट तशीच राहिली. पावसाळ्यात त्या फटीखाली गंज-पातेलं ठेवायचं आणि टपटप ऐकत जेवायचं, असे आमचे पावसाळे गेले.

मुलगा वरठीला कामाला लागला आणि त्यानं तिथं भाड्यानं खोली घेतली. ही पहिल्यांदा गेली तेव्हा हातपाय धुण्याआधी पदर धरून उभी राहिली. वरच्या झरोक्यात आधीच्या भाडेकरूनं पुठ्ठा ठोकला होता. सून चहा करेपर्यंत हिनं स्टुलावर चढून पुठ्ठा काढला. महिन्याभरानं सुनेचा फोन आला.

"आई, कबुतर शिरलं घरात. मोरीवर घरटं केलं."

"बरं झालं. ते आलं म्हंजे वाट हाये," ही म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. पुढच्या शिव्या मी ऐकल्या.

मग गावोगाव स्लॅब पडत गेले आणि आमचा धंदा बसला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझे गुडघे गेले होते. पण ती रिकामी राहिली ते तिला सोसलं नाही. काम असल्यासारखी सकाळी निघायची आणि कोणाच्याही नव्या घरात शिरायची. पदर धरायची. लोक हसायचे. "या, इंजिनेर आल्या," म्हणायचे. ती हसण्याकडे बघायची नाही, पदराकडे बघायची. एकीच्या घरी दारं-खिडक्या लावून लेकरांच्या उशाशी डासांची कॉईल पेटली होती. हिनं ती उचलून अंगणात नेऊन ठेवली. ती बाई म्हणाली, "आता डास चावतीन ना."

"मच्छरदानी बांध. डासासंग लेकराइले कायले धुरी देतं?"

असा हिचा स्वभाव. आवडायचा काहींना. बऱ्याच जणांना नाही.

पल्लवीच्या पाचवीला ही बायकांसोबत लेकरू पाहायला गेली आणि सगळ्यांच्या आधी परत आली. ओट्यावर बसली, डोकं दोन्ही हातांनी दाबून.

"काय झालं?"

"डोकं गच्च झालं. आत धूर नाही, काही नाही. कोळसे नुसते लालबुंद. पदर धरला तर भिंतीवानी उभा." मग म्हणाली, "पल्लवीचंबी डोकं दुखते म्हंते. मळमळ होते म्हंते. तिची माय म्हंते अशक्तपना हाये. आन् लेकरू झोपूनच राहते. माय सांगते, पोरगी गुनाची हाये, रडतच नाही."

"मंग चांगलं हाये ना."

"न रडनारं लेकरू मले नाही पटत."

आमच्या गावाच्या आशाताईनंही जाऊन सांगितलं. धूर दिसला तर माणूस उठून बाहेर जातो. पण पेटलेल्या कोळशातून जो वायू निघतो त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत तो भरत जातो आणि माणसाला नुसती झोप येते. शेगडी खोलीत नकोच, असं ती म्हणाली. पल्लवीच्या मायनं सगळं ऐकलं, मान हलवली, तिला चहा दिला. ताईची गाडी वळणावरून गेली आणि दार लागलं.

ते हिनं आमच्या अंगणातून पाहिलं. उठली, गल्ली ओलांडली, दार ढकललं आणि उंबरठ्यावर बसली. अगदी मधोमध, एक पाय आत आणि एक बाहेर.

उंबरठ्यावर बसू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हिला माहीत नव्हतं असं नाही. तिनं स्वतःच्या लेकाला त्यावरून मार दिला होता.

"आत्याबाई, उंबरठ्यावर कायले बसता? घराले बरं नसते," पल्लवीची माय म्हणाली. गावच्या नात्यानं ती हिला आत्याबाई आणि मला मामाजी म्हणते.

"दार उघडं राहू दे, मी उठते."

"वारं येते ना आत."

"येऊ दे. वाऱ्यानं कोनी मरत नाही."

मी अंगणातून ऐकत होतो. मला वाटलं आता पल्लवीची माय भांडणार. पण ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझा पयला वाऱ्यानंच गेला, आत्याबाई. याच दिवसांत. तुमीच न्हाऊ घातलं होतं त्याले."

ते खरं होतं. या जागी तेव्हा त्यांचं जुनं कवेलूचं घर होतं. थंडी फार पडली होती आणि लेकराची छाती भरली. मी विसरलो होतो. आमची विसरली होती की नाही, माहीत नाही. ती उठली नाही. थोडी सरकली आणि उंबरठ्यावर जागा केली. पल्लवीची माय बराच वेळ उभी होती. मग तीही तिथंच टेकली. दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या, तोंडं गल्लीकडे. मधून पल्लवीनं आतून विचारलं, "आई, कोन आलं वो?" तर दोघींपैकी कोणीच सांगितलं नाही.

तेव्हापासून असं ठरलं की शेकाच्या वेळी शेगडी अंगणात पेटवायची, फडकी तिथं गरम करायची आणि आत न्यायची. लेकराला गुंडाळायचं चांगलं, कान बांधायचे, पण दार उघडं. हे बुढी तिथं बसलेली असेपर्यंत चालायचं. ही उठून घरी आली की पल्लवीच्या मायच्या मनात पुन्हा ते जुनं यायचं. शेगडी बाजेखाली जायची. म्हणून ही सकाळ-संध्याकाळ जायची, दुपारी जायची, जेवता जेवता उठायची. गावात लोक म्हणू लागले, पल्लवीच्या मायनं राखणदार ठेवला. मी म्हटलं, तुझी लाज निघून राहिली. ती म्हणाली, "निघू दे. बारसं झालं की बसनं सोडते."

तर ती शेंगांची सकाळ. टोपली अर्धी भरली होती. ती मधेच थांबली आणि म्हणाली, "अजी, छातीत भरल्यासारखं होते."

मी म्हटलं, "पड जरा." उन्हातल्या बाजेवर ती आडवी झाली. मी पाणी आणायला आत गेलो. गडवा घेऊन आलो तेव्हा ती गेली होती. डोळे उघडे, मान समोरच्या घराकडे. लोक म्हणतात शेवटी माणूस काहीतरी बोलतो. ती काही बोलली नाही. मी हाक मारली, हलवलं, पाणी सांडलं. एवढंच झालं.

बायका आल्या. तिला हळद-कुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं. नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची, असं म्हणत होत्या. मला कसलं भाग्य ते कळलं नाही. मुलगा वरठीवरून मोटरसायकलनं आला. दिवस मावळायच्या आत तिला उचललं.

गल्लीतून तिरडी निघाली तेव्हा मी मागे चाललो होतो. सगळे तिरडीकडे बघत होते. मी समोरच्या दाराकडे बघितलं. दार बंद. खिडकी बंद. दाराच्या खालच्या फटीत गोधडी कोंबली होती. मयत दारावरून जाताना बाळंतिणीचं दार उघडं ठेवत नाहीत, लेकराला बाहेरचं लागतं म्हणतात. आतून ओव्याचा वास येत होता. म्हणजे शेगडी आत होती.

मला तिथंच थांबावंसं वाटलं. पण तिरडीमागचा माणूस थांबत नाही.

नाल्यावर अग्नी देऊन आल्यावर मी मुलाला म्हटलं, "पल्लवीच्या मायले फोन लाव."

"बाबा, आज?"

"लाव म्हटलं."

ती फोनवर रडत होती. म्हणाली, "मामाजी, आजच्या दिवस राहू द्या. उद्या उघडते दार. आत्याबाई दारावरून गेल्या, मले भेव वाटते." मी फोन मुलाकडे दिला. कोणाला भेव वाटतं, कोणाचं भेव वाटतं, याचा हिशेब मी तेव्हा कुठं करत बसू.

तुम्ही म्हणाल, उठून जायचं होतं, गल्ली तर ओलांडायची. पण मी सुतकात होतो. त्याच दिवशी बायकोला अग्नी दिलेला माणूस तान्ह्या लेकराच्या दारात पाय टाकत नाही. मी जन्मभर हे पाळलं आहे आणि पल्लवीची माय तर त्या भीतीनंच दार लावून बसली होती. मी गेलो असतो तर तिनं आणखी एक कडी लावली असती. रात्रभर मी बसलो, उठलो, अंगणात गेलो, परत आलो. बुढी जिथं उभी राहायची तिथं जाऊन उभा राहिलो. त्यानं काही दिसत नाही, नुसतं दार दिसतं.

उजाडलं. मुलगा दुकानातून सामान आणायला गेला. पल्लवीची माय रोज या वेळेला अंगण झाडते. अंगण तसंच होतं. तिची कोंबडी खुराड्यात ओरडत होती. मी गल्लीतून हाक मारली, "पल्लवी!" उत्तर नाही. तिच्या मायला हाक मारली. उत्तर नाही. दगड घेऊन दारावर मारला. दाराला आतून कडी. पल्लवीचा बाप नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर असतो, म्हणजे घरात त्या तिघीच.

खिडकी फोडावी असं मनात आलं. पण बाज खिडकीखालीच होती, काच लेकरावर पडली असती. मग वर बघितलं. स्लॅबच्या खाली गवंड्यानं हवेसाठी झरोका सोडला होता आणि बाळंतपणाच्या आधी यांनी त्यात सिमेंटची रिकामी पोती कोंबून तो बुजवला होता.

माझी शिडी गोठ्याला टेकून होती. कित्येक वर्षं मी तिला हात लावला नव्हता. आणली, भिंतीला लावली. खाली धरायला कोणी नव्हतं. पहिल्या पायरीवर गुडघा कटकन वाजला. दुसऱ्या पायरीनंतर मी मोजलं नाही, नुसता चढलो. पहिलं पोतं घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी ओढलं आणि मी पडता पडता राहिलो. दुसरं निघालं. आतली ऊब तोंडावर आली, ओव्याची आणि कोंडलेल्या माणसांची. मी तोंड झरोक्याला लावलं आणि ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. मुलगा म्हणतो, चौकापर्यंत ऐकू आलं. तो म्हणतो, बाबा, तुम्ही आईसारखे ओरडत होते.

आत काहीतरी पडलं. मग पल्लवीच्या मायचा आवाज, दारू प्यायल्यासारखा. "कोन होय?"

"दार उघड. आधी दार उघड. लेकरू बाहेर ने."

"मामाजी... सुतक..."

"मी भिंतीवर हाये. आत पाय नाही टाकत. दार उघड तू, मंग मले शिव्या दे."

कडी निघायला फार वेळ लागला. ती बाहेर आली ती भिंत धरून, एका हातात लेकरू. उन्हात येऊन खालीच बसली. लेकराची मान लुळी होती. मी वरून बघत होतो. मला वाटलं, संपलं. तिनं त्याच्या पायाला चिमटा घेतला, तोंडावर फुंकर घातली, पुन्हा चिमटा घेतला. मग ते रडलं. आधी मांजरासारखं, मग मोठ्यानं.

पल्लवी दारापर्यंत आली आणि तिथंच ओकली. शेजारच्या बायका धावल्या. एकीनं चिमट्यानं शेगडी ओढत अंगणात आणली. मुलगा सामान टाकून पळत आला, त्यानं आशाताईला फोन लावला. ताई म्हणाली, गाडी घेऊनच येते, तिघींना साकोलीला दवाखान्यात न्यायचं, आणि तोवर कोणी आत जायचं नाही.

पल्लवीच्या मायनं कपाळ धरून वर माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या नाहीत. डोक्यावरून पदर घेतला, लेकराचे कान झाकले आणि उन्हात आणखी पुढं सरकली.

मुलानं खालून शिडी धरली. "बाबा, उतरा आता."

"थांब," मी म्हटलं. झरोक्याच्या कोपऱ्यात पोत्याचा एक तुकडा अडकला होता. तो मी बोटानं उकरून काढला. मग धूळ पुसली. मग पुसायलाही काही उरलं नाही. गाडी आली, तिघी गेल्या, बायका आपापल्या घरी गेल्या. मुलगा शिडी धरून उभाच होता. मी वरच बसून राहिलो. खाली उतरलं की घरी जावं लागणार होतं.